मदत हवी आहे: विहिरीवरचा पंप आणि घरामागची टाकी वायरशिवाय जोडायची आहे

वाडीतला

नमस्कार मंडळी. घर गुहागर तालुक्यात, जुनं, चिऱ्याचं. तिथे बाबा एकटे असतात, मी नोकरीपायी ठाण्याला. विहीर बागेच्या खालच्या टोकाला, व्हाळाजवळ आहे. घरापासून साधारण ३५० मीटर, सगळा उतार. मध्ये पोफळी, माड, आंबे आणि एक थोराड फणस. पंप १ एचपीचा पाणबुडी, सिंगल फेज, स्टार्टर विहिरीजवळच्या खोपीत. टाकी घरामागच्या चौथऱ्यावर, २००० लिटरची.

बाबा पंप लावायला खाली जातात आणि टाकी भरली की बंद करायला पुन्हा खाली. गुडघे आता कुरकुरतात. पावसाळ्यात त्या पाखाडीवर इतकं शेवाळ असतं की मला इथे ठाण्यात धाकधूक.

वायर टाकून झाली आहे. पहिली रानडुकरांनी उकरली. दुसरी पाइपातून पुरली, तर वळिवाच्या एका कडकडाटात दोन्ही टोकांची सर्किटं गेली. आता वायर नको.

टाकी रिकामी झाली की पंप लागावा, भरली की बंद व्हावा, आणि मला फोनवर दिसावं, एवढंच मागणं आहे. घरात फायबरचं इंटरनेट आहे, राउटर इन्व्हर्टरवर. खोपीत मोबाइलची एखादी कांडी येते-जाते. वाचायला बसलो तर वायफाय, झिगबी, ब्लूटूथ मेश, थ्रेड, मॅटर, लोरा, एनबी-आयओटी असा बाजार समोर आला. सोल्डरिंग येतं, ईएसपी३२वर (प्रोग्राम करता येणारी छोटी चिप) थोडंफार खेळलो आहे. यातलं काय घ्यावं? आणि त्यासाठी कुठला परवाना लागतो का?

घरातही दोन-तीन गोष्टी हव्या आहेत (दाराचा सेन्सर, रात्रीचा दिवा, बाबांसाठी बोलावण्याचं बटण), पण ते नंतर.

---

पोफळबाग

एवढा विचार कशाला? मोबाइल स्टार्टर बसवा. सिम घालायचं, फोन केला की पंप चालू, पुन्हा केला की बंद. आमच्या अख्ख्या वाडीत तेच आहे. फक्त घेताना आत २जीचं मॉड्यूल आहे की ४जीचं, ते विचारा. स्वस्तातल्या बऱ्याच पेट्यांत सिम८०० असतं, ते निव्वळ २जीवर चालतं. जिओचं २जी जाळंच नाही, त्यामुळे ते सिम तिथे मुकंच राहतं.

वाडीतला

धन्यवाद. तो विचार केला होता, पण खोपीत रेंजच धड नाही. शिवाय टाकी भरली हे त्या पेटीला कोण सांगणार? बाबांनाच बघत बसावं लागेल.

---

तरंगलांबी

नावांचा घोळ आधी सोडवू. तुम्ही लिहिलेली सगळी एका पंगतीतली नाहीत. मॅटर ही रेडिओची जातच नव्हे. उपकरणांनी आपसात कुठल्या भाषेत बोलायचं त्याचा तो करार आहे. पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२मध्ये आली. तो वायफायवरून, इथरनेटच्या तारेवरून किंवा थ्रेडवरून चालतो. ब्लूटूथ लागतं ते नवीन उपकरण जोडून घेताना. थ्रेड आणि झिगबी दोघांचा रेडिओ एकच, आयट्रिपलई ८०२.१५.४, बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर. वेग २५० किलोबिट. घरातल्या दिव्याला तो भरपूर होतो, पण बागेच्या टोकाला पोचायचा नाही.

एनबी-आयओटी मोबाइल कंपनीच्या मनोऱ्यावर अवलंबून. तुमच्या खोपीत एक कांडी, म्हणजे विषय संपला.

तुमच्या कामाला लोरा, म्हणजे कमी ताकदीत लांब पोचणारा रेडिओ. बोलायचंय किती, तर 'टाकी ४० टक्के' आणि 'पंप चालू', मिनिटाला दहा-वीस बाइट. लोरा वेग सोडून देतो आणि त्या बदल्यात अंतर घेतो. सर्वांत सावकाश पातळीला, म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ) १२ला, वीस बाइटचा निरोप जायला सव्वा सेकंदाहून जास्त लागतो. ७ला तोच साठेक मिलिसेकंदांत जातो.

आता तुमच्या बागेचं गणित. लोरा आपल्याकडे चालतो त्या ८६५ मेगाहर्ट्झला मोकळ्या हवेत ३५० मीटरवर सिग्नलचं नुकसान साधारण ८२ डेसिबल. लोराची एसएक्स१२७६ चिप १४ डीबीएमने (म्हणजे २५ मिलिवॅटने) बोलली आणि एसएफ ७ला पलीकडची उणे १२३ डीबीएमपर्यंत ऐकू शकली, तर हातात १३७ डेसिबल. वजा जाता ५५ शिल्लक. झाडं त्यातले वीस-तीस खातील, भिजलेली पानं आणखी खातील. तरी पुरतं. हेच २.४ गिगाहर्ट्झला केलंत तर नुसत्या अंतरापोटी ९ डेसिबल जास्त जातात आणि ओल्या पानांचा मार तिथे कितीतरी जोराचा.

परवान्याचं: भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. प्रक्षेपकाची ताकद १ वॅटपर्यंत, अँटेना धरून ४ वॅट, आणि एका वाहकाची रुंदी २०० किलोहर्ट्झच्या आत. लोराची नेहमीची १२५ किलोहर्ट्झची रुंदी त्यात बसते. मॉड्यूल घेताना ९१५चं गळ्यात मारतील, ते घेऊ नका. तो पट्टा अमेरिकेत मोकळा आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५मध्ये मोबाइल फोन मनोऱ्याशी बोलतात. ४३३चं स्वस्त मॉड्यूलही नको, तिथली मुभा जेमतेम १० मिलिवॅटपर्यंत आहे. '८६८' असं लिहिलेलं मॉड्यूल ८६६ला लावून बिनधास्त चालतं.

आणखी एक. लोरा आणि लोरावॅन वेगळे. लोरावॅनला गेटवे, सर्व्हर असा संसार लागतो. दोन टोकांना एकमेकांशी बोलायचंय, तर साधा लोरा पुरे.

---

खिडकीपाशी

लोराला विरोध नाही, पण उद्या विहिरीवर कॅमेरा हवा म्हणालात तर? लोरावरून चित्र जात नाही. मी बागेत ५ गिगाहर्ट्झचे बाहेर लावायचे दिशादर्शी संच लावलेत, दोन टोकांना दोन. झकास चालतात. अट एकच, एका संचावरून दुसरा डोळ्यांना दिसला पाहिजे.

वाडीतला

फणस आड येतो. फणस तोडायचं नाव काढलं तर बाबा मलाच घराबाहेर काढतील.

---

स्टार्टरताई

दादा, रेडिओ कुठला यावर सगळे बोलले. निरोप पोचला नाही तर पंपाचं काय होणार, ते कोणीच विचारलं नाही. मी पॅनेल बनवते, असल्या जोडण्या निस्तरायला जावं लागतं, म्हणून सविस्तर लिहिते.

नवखे लोक 'चालू' आणि 'बंद' असे दोन निरोप ठेवतात. चालूचा पोचतो, पंप लागतो. मग घरची लाइट जाते किंवा वानर अँटेना मोडतं, आणि बंदचा निरोप पोचतच नाही. टाकी रात्रभर वाहते, मेमध्ये विहीर तळाला गेलेली असेल तर पंप कोरडा फिरून जळतो. म्हणून 'बंद' असा निरोपच ठेवू नका. टाकीकडच्या पेटीने पाणी हवं असेतो दर ३० सेकंदांनी 'चालू ठेव' म्हणायचं. खालच्या पेटीला दोन मिनिटं काही ऐकू आलं नाही की तिने आपणहून पंप सोडायचा. लाइट जाऊन आली तरी नवा निरोप येईपर्यंत बंदच.

त्यावर घड्याळाचा लगाम. तुमची टाकी भरायला एरवी जेवढा वेळ लागतो त्याच्या सव्वापट झाला की रेडिओ काहीही म्हणो, पंप बंद. कोरडा पंप कमी करंट ओढतो, तेव्हा करंट बघणारा ड्राय रन रिले लावा. कमी व्होल्टेजचा कटऑफही लावा. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज किती पडतं ते मी सांगायला नको.

हा सगळा निर्णय त्या दोन पेट्यांनी आपसात घ्यायचा. इंटरनेट, सर्व्हर, फोन यांचा त्यात हात नको. फोनवर दिसू द्या खुशाल, पण फायबर तुटलं म्हणून बाबांना पाणी नाही, असं व्हायला नको.

ईएसपी३२बरोबर मिळणाऱ्या निळ्या रिलेवर '१० अँपिअर' छापलेलं असतं. त्यावर भुलून मोटर थेट त्याला जोडू नका. सुरू होताना मोटर चालू करंटाच्या कितीतरी पट ओढते, रिलेचे पॉइंट चिकटतात आणि मग तुमचं सॉफ्टवेअर कितीही शहाणं असलं तरी पंप थांबत नाही. रिलेने कॉन्टॅक्टरची (मोटरच्या जड करंटासाठीचा मोठा स्विच) कॉइल चालवा, मोटर कॉन्टॅक्टर चालवेल. कॉइलवर स्नबर (ठिणगी शोषणारा भाग) लावा, नाहीतर कॉन्टॅक्टर सुटताना ठिणगीच्या धक्क्याने ईएसपी३२ रीसेट होत राहील. हे काम लायसन असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

आणि स्टार्टरवर 'ऑटो–बंद–हात' असा तीन जागांचा स्विच. तुम्ही ठाण्यात असताना काही बिघडलं तर बाबांना किंवा गड्याला तो 'हात'वर टाकून पूर्वीसारखा पंप चालवता आला पाहिजे.

तरंगलांबी

ताईंना दंडवत. त्यात भर म्हणून: साध्या लोरात कुलूप नसतं. त्याच पट्ट्यावर ऐकणारा कोणीही निरोप पकडून परत सोडू शकतो. ईएसपी३२मध्ये एईएसची (निरोप कुलूपबंद करायची पद्धत) सोय चिपमध्येच आहे, ती वापरा. प्रत्येक निरोपात वाढत जाणारा क्रमांक घाला; जुना क्रमांक आला की खालच्या पेटीने तो टाकून द्यायचा.

---

पोफळबाग

टाकीतली पातळी कशाने मोजणार? अल्ट्रासॉनिक लावू नका असं माझं मत. उन्हाळ्यात झाकणाच्या आतून वाफ धरते, सेन्सरच्या तोंडावर थेंब बसतात आणि आकडे नाचायला लागतात. शिवाय तोंडापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही, म्हणजे टाकी भरत आली की नेमका आंधळा. तळाला सोडायचा प्रेशर सेन्सर घ्या. महाग पडतो पण गप काम करतो.

स्टार्टरताई

सहमत. आणि प्रेशर सेन्सर घेतला तरी वरच्या टोकाला साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा) हवाच. आकड्यावर विश्वास ठेवायचा तो टक्केवारी दाखवण्यापुरता. टाकी भरली, हे फ्लोटने सांगायचं.

---

माजघर

तुमच्या घरातल्या गोष्टींबद्दल लिहिते. आमचं घरही चिऱ्याचं. दीड फुटी भिंत, वायफाय माजघर ओलांडता ओलांडता दमतं. दाराचा सेन्सर आणि बटण झिगबीचं घ्या. शिळ्या भाकरीएवढ्या बॅटरीवर... थांबा, त्याहून लहान, नाण्याएवढ्या सेलवर महिनोन्महिने चालतात. वायफायचं बटण तेवढ्यात चालायचं नाही.

झिगबीत विजेवर चालणारी उपकरणं (प्लग, दिवे) निरोप पुढे ढकलतात, सेलवरची ढकलत नाहीत. म्हणून प्रत्येक जाड भिंतीपाशी एक स्मार्ट प्लग ठेवा. पण तो प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर हवा. आमच्याकडे लाइट गेली की मधले सगळे प्लग मरायचे आणि नेमकं अंधारात आजींचं बटण वाजायचं नाही.

झिगबीचा डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ) थेट कॉम्प्युटरच्या यूएसबी ३च्या खाचेत खोचू नका. तिथून २.४ गिगाहर्ट्झला कचरा सांडतो. मीटरभर एक्स्टेन्शन वायर लावून लांब ठेवला की अर्ध्या तक्रारी जातात. वायफाय राउटर चॅनेल १वर बांधा आणि झिगबी २५वर ठेवा. झिगबीचं २५ म्हणजे २४७५ मेगाहर्ट्झ, वायफायच्या ११च्याही पलीकडे. मात्र काही जुनी उपकरणं २६वर बोलत नाहीत, तिकडे जाऊ नका.

---

वाडीतला

सर्वांचे आभार, विशेषतः स्टार्टरताईंचे. 'बंद'चा निरोपच ठेवायचा नाही, हे डोक्यात आलं नसतं.

गावी जाऊन दोन मॉड्यूल लावून पाहिली. एसएफ ९, ताकद १४ डीबीएम. अँटेना खोपीत आतच ठेवली तर आरएसएसआय (सिग्नलची ताकद) उणे ११२, एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर) उणे ३. अँटेना छपराच्या वर बांबूला बांधून चढवली तर आरएसएसआय उणे ९७ आणि एसएनआर अधिक ६. एकही निरोप गळला नाही. बाबा टाकीपाशी उभे राहून 'आला, आला' ओरडत होते, ते मला खाली ऐकूच येत नव्हतं.

प्रश्न दोन उरले. हे सगळं कोरड्या हवेत पाहिलंय, पावसात किती पडेल? आणि अँटेना उघडी ठेवली तर वानर ती ठेवणार नाहीत. लोखंडी पाइपात घालू का?

तरंगलांबी

लोखंडी पाइपात घातलीत तर अँटेना असून नसल्यासारखी. पीव्हीसी पाइपात घाला, वरून टोपी बसवा, खालचं तोंड उघडं ठेवा म्हणजे आत पाणी साचणार नाही. पातळ भिंतीचा पाइप घ्या आणि अँटेना त्याला घासू देऊ नका. ८६६ला पाव तरंगाची काडी साडेआठ सेंटिमीटरच्या वर जरा असते, तेव्हा पाइप फार मोठा लागत नाही.

पावसाचं म्हणाल तर एसएफ ९ला एसएनआर उणे १२.५पर्यंत चालतो. तुम्ही अधिक ६वर आहात, साडेअठरा डेसिबल हातात. खोपीच्या आतल्या जागेला मात्र साडेनऊच, तिथे श्रावणात भरवसा नाही. बांबूवरच ठेवा. दोन टोकांच्या मधोमध लहरीला साडेपाच मीटर त्रिज्येची मोकळी जागा आवडते, तेव्हा दोन्हीकडचा बांबू जमेल तितका उंच करा. टाकीकडे चौथऱ्यामुळे ते सोपं आहे. आणि आरएसएसआय, एसएनआर दोन्ही आकडे टाकीच्या पातळीसोबत फोनवर येऊ द्या. जून ते सप्टेंबरचा आलेख मिळाला की इथेच टाका, ओल्या पोफळीचे खरे आकडे मलाही हवे आहेत.

स्टार्टरताई

बांबू वीज पडायच्या दृष्टीने सर्वांत उंच होऊ देऊ नका, शेजारचा माड त्याहून उंच असू द्या. खोपीतल्या पुरवठ्याला सर्ज प्रोटेक्टर आणि धड अर्थिंग. आता मध्ये वायर नाही, त्यामुळे एका टोकाला बसलेला फटका तारेवरून दुसऱ्या टोकाला जायचा नाही. पण महावितरणच्या तारेवरून येणारा धक्का खोपीत तसाच येईल. अर्थिंगचा खड्डा पाऊस सुरू व्हायच्या आत करून घ्या, नंतर गडी मिळत नाही.