चालू कोडची नुसती शैली सुधारणारे पॅच घ्यावेत का?

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) सोर्समध्ये 'चेकपॅच' नावाची पर्ल स्क्रिप्ट आहे. आपला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवण्याआधी तो ठरलेल्या शैलीत (मोकळ्या जागा, ओळींची मांडणी वगैरे) बसतो का, हे तिच्यावर तपासायचं. पण बरेच नवे लोक ती वर्षानुवर्षं नीट चालणाऱ्या फाइलवर फिरवतात आणि जेवढे इशारे येतील तेवढे पॅच पाठवतात. माझ्या मते असे पॅच परत करावेत.

बग सापडला की मी आधी गिट ब्लेम बघतो; कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक ओळ शेवटी कोणत्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) बदलली, हे त्यात दिसतं. ओळ कोणी, कशासाठी लिहिली हे कळलं की निम्मं काम होतं. तिथे मूळ कमिटऐवजी 'स्पेसचे टॅब केले' एवढंच दिसलं, तर पुन्हा मागे खोदत जावं लागतं. त्याहून त्रास बॅकपोर्टचा, म्हणजे नवी दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांत नेण्याचा. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत येते, मग जुन्या स्टेबल शाखांत न्यायची असते. मधे कोणी आजूबाजूच्या ओळी मोडून नव्याने मांडल्या असतील तर पॅच लागत नाही, हाताने बसवावा लागतो. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर हा उशीर परवडत नाही.

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. माझा पहिला पॅच असाच होता, ड्रायव्हर्स/स्टेजिंगमधला (अजून पुरते तयार नसलेले ड्रायव्हर तिथे असतात). बदल दोन ओळींचा, पण साध्या मजकुरात ईमेल कशी पाठवायची, 'साइन्ड-ऑफ-बाय' (पाठवणाऱ्याच्या सहीची ओळ) कुठे लिहायचं, शेरे आल्यावर दुसरी आवृत्ती कशी काढायची, हे सगळं त्यातूनच शिकलो. हे दार बंद केलंत तर नवीन माणसं येणार कुठून?

आणि ब्लेमवर उपाय आहे. गिट २.२३ पासून (ऑगस्ट २०१९) ठरावीक कमिट ब्लेममधून वगळता येतात. जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपला सगळा पायथन कोड 'ब्लॅक' या आपोआप मांडणी करणाऱ्या साधनाने एकदम फॉरमॅट केला आणि तो कमिट वगळण्याच्या यादीत टाकला. शैलीवरची हुज्जत तिथेच संपली.

प्रतिसाद २
ब्लेम सुटला, बॅकपोर्ट कुठे सुटला? शिवाय असा पॅच पाठवणाऱ्याकडे बहुतेकदा ते हार्डवेअरच नसतं. मी सांभाळत असलेल्या एका ड्रायव्हरमध्ये 'अनावश्यक कंस काढले' म्हणून पॅच आला. त्यात मॅक्रोच्या (कंपाइल करताना जसाच्या तसा कोडमध्ये भरला जाणारा तुकडा) बेरजेभोवतीचे कंस गेले आणि पुढे गुणाकारात आकडा चुकला. कंपाइल झाला होता, म्हणून मीही घेतला. ती चूक शोधायला माझे दोन दिवस गेले.

नियमही कायम नसतात. मे २०२० मध्ये चेकपॅचची ओळीच्या लांबीची मर्यादा ८० वरून १०० अक्षरांवर गेली. त्याआधी केवळ इशारा घालवायला तोडलेल्या ओळी आजही वाचताना अडखळवतात.

प्रतिसाद ३
पण गबाळा कोड तसाच ठेवला तर शेजारी नवा कोडही तसाच येतो. माणूस बघून लिहितो, नियमावली उघडून नाही.

धागाकर्ता
प्रतिसाद १, स्टेजिंगचं मान्य. तो कोड मुळात सुधारण्यासाठीच तिथे ठेवलेला असतो, नवोदितांनी तिथे खुशाल हात बसवावा. माझा आक्षेप मेमरी, फाइलसिस्टिम, नेटवर्कच्या गाभ्याबद्दल आहे.

प्रतिसाद ३, गबाळा कोड कायम ठेवा असं मी म्हणत नाही. ज्याला त्या फंक्शनमध्ये खरा बदल करायचाय, त्याने मालिकेतला पहिला पॅच साफसफाईचा द्यावा आणि दुसरा बदलाचा. दोन्ही एकात कालवू नयेत. गिटची स्वतःची नियमावलीही हेच सांगते: खऱ्या कामाची तयारी म्हणून साफसफाई चांगली, नुसत्या शैलीसाठी कोड ढवळू नका. असा माणूस तो कोड चालवूनही बघतो. प्रतिसाद २ मधला कंस त्याच्या हातून गेला असता, तरी त्याच दिवशी सापडला असता.