भिक्षा, माधुकरी की वर्गणी?

मेघना_ठाणे: एका लेखाचा अनुवाद करतेय. विषय झान झुगां, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली, जन्म १७९२. १८३९ च्या हिवाळ्यात तिनं एका अंध, अंग लुळं पडलेल्या म्हातारीला घरी आणून स्वतःचं अंथरूण दिलं. त्यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा कॅथलिक सिस्टरांचा संघ उभा राहिला. सांभाळलेल्या म्हाताऱ्यांसाठी ती टोपली घेऊन दारोदार जायची. संघाच्या सिस्टर आजही तशाच फिरतात. या फिरण्याला काय म्हणू? ‘भीक’ लिहवत नाही आणि ‘निधिसंकलन’ म्हणजे सरकारी परिपत्रक.

खडूस_मास्तर: माधुकरी! मधुकर म्हणजे भुंगा, फुलाफुलातून थोडंथोडं घेणारा. टोपलीला चपखल.

सुलूआजी: मास्तर, माधुकरी शिजलेल्या अन्नाची, आणि ती पोरं स्वतःच्या पोटासाठी मागत. धान्य कोरडं असेल तर ते कोरान्न. आणि दुसऱ्यांसाठी मूठमूठ गोळा करायचं तर आपल्याकडे मुष्टिफंड होताच की.

उदगीर_ते_ऑस्टिन: जोगवा? बाई, परडी, दारोदार… सगळं जुळतंय.

मेघना_ठाणे: जोगवा म्हटलं की यल्लम्मा डोळ्यांपुढे येते हो. परडी फ्रान्समध्ये कशी नेऊ?

वसईवाला: ‘भीक’च लिहा. एकानं तिच्या थोबाडीत मारली तेव्हा ती म्हणाली असं सांगतात, “हे मला झालं, आता माझ्या गरिबांसाठी काही द्या.” वर्गणीवाल्याला कोण मारतं? शब्द सोवळ्यात गुंडाळलात की ती थप्पडही जाते. आणि नाव ‘गरिबांच्या धाकट्या बहिणी’ करा, ‘लहान’ नको. धाकटी म्हणजे घरात पडेल ते काम करणारी.

खडूस_मास्तर: धाकटी चालेल. पण ‘सिस्टर’ कशाला? संन्यासिनी आहे, जोगीण आहे. किमान ‘नन’ तरी म्हणा.

वसईवाला: नन नाही म्हणता येत. चर्चच्या कायद्याप्रमाणे नन म्हणजे मठाच्या भिंतीआड राहणारी, जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात होत्या तशा. दवाखान्यात, वस्तीत फिरणारी ती सिस्टर. १६३३ साली पॅरिसमध्ये ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ सुरू झाल्या. त्यांना संस्थापक व्हिन्सेंट दि पॉलनं सांगितलं होतं की शहराचे रस्ते हाच तुमचा मठ. मदर तेरेसांनाही वस्तीत काम करायला १९४८ मध्ये लोरेटो संघाचा मठ सोडावा लागला. आमच्याकडे ‘व्रतस्थ भगिनी’ म्हणतात. झुगांच्या भगिनींना तर गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांवर चौथं व्रतही असतं, आतिथ्याचं.

सुलूआजी: आतिथ्य? म्हणजे म्हातारी पाहुणी! किती छान. आमच्या सोसायटीत म्हातारी म्हणजे ‘केस’. बाकी दवाखान्यातल्या नर्सलाही आपण सिस्टर म्हणतो, ते यांच्यामुळेच ना?

खडूस_मास्तर: तिथं परिचारिका शब्द आहे.

उदगीर_ते_ऑस्टिन: रात्री दोनला सलाईन संपल्यावर “अहो परिचारिका” अशी हाक मारून दाखवा.

खडूस_मास्तर: हाक मारणं वेगळं, लिहिणं वेगळं. कॉन्व्हेंटचंही हेच केलंत. मठाचा शब्द, आता त्याचा अर्थ इंग्रजी शाळा. गल्लीतल्या ‘श्री गजानन कॉन्व्हेंट’मध्ये एक तरी व्रतस्थ दाखवा.

मेघना_ठाणे: मंडळी, मजकूर उद्या द्यायचाय. तूर्त ‘भिक्षाफेरी’ टाकते.

वसईवाला: भिक्षा म्हणजे परत सोवळंच.

खडूस_मास्तर: शिवाय भिक्षा तत्सम, फेरी देशी. हा संकर आहे.

सुलूआजी: मग प्रभातफेरीचं काय करणार आहात?