लिथियम चालू असताना गुडघ्याची शस्त्रक्रिया

प्रश्न
माझी आई ६४ वर्षांची असून बायपोलर आजारासाठी गेली १४ वर्षे लिथियम घेत आहे. पुढच्या महिन्यात तिच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण ठरले आहे. अस्थिरोगतज्ज्ञांना आम्ही रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनबद्दल सांगितले, परंतु लिथियमचे नाव घेतले नाही, कारण मनाच्या आजाराचे औषध म्हटले की ते शस्त्रक्रियाच नाकारतील, अशी धास्ती बाबांना वाटते. मामांच्या मते गोळी आठवडाभर आधीच बंद करावी. एकदा गोळ्या सुटल्यानंतर आईची झालेली अवस्था आम्ही पाहिली आहे, म्हणून मन तयार होत नाही. काय करावे?

उत्तर १ (भूलतज्ज्ञ)
ताई, कृपया आजच शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही लिथियमबद्दल सांगा. या कारणासाठी शस्त्रक्रिया सहसा नाकारली जात नाही. मात्र पूर्ण भूल द्यावी लागली, तर स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा परिणाम लिथियममुळे लांबू शकतो, आणि ते आम्हाला आधी ठाऊक असावे लागते. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी लिथियम साधारणपणे २४ तास थांबवतात, आठवडाभर नव्हे. तो निर्णयही मनोविकारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून घेतील. घरच्यांनी परस्पर घेऊ नये. त्याआधी रक्तातील लिथियमची पातळी (शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी तपासणी), सोडियम, थायरॉइड आणि ईसीजी तपासून घ्यावेत. लिथियमची पातळी बहुधा ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरच्या दरम्यान राखतात आणि १.५ च्या वर विषबाधेचा धोका वाढतो, पण उतारवयात त्याहून कमी पातळीवरही त्रास होऊ शकतो. टेल्मिसार्टननेही ही पातळी वाढते, म्हणून दोन्ही औषधे एकाच कागदावर लिहून द्या.

उत्तर २
आमच्याकडे खरी अडचण शस्त्रक्रियेनंतर आली. वडिलांना वेदनेसाठी डायक्लोफिनॅक सुरू झाले, मळमळीमुळे पाणी पोटात टिकेना, आणि लिथियम मात्र नेहमीप्रमाणे चालू राहिले. तिसऱ्या दिवशी हात जोरात थरथरू लागले, बोलणे अडखळले. रात्रपाळीच्या परिचारिकेने ते अशक्तपणावर घातले. सकाळी पातळी १.९ निघाली. लिथियम मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, त्यामुळे शरीरातील पाणी कमी झाले किंवा आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके दिली गेली की ते रक्तात साठते. सलाइन देऊन आणि गोळी थांबवून वडील सावरले, परंतु ते तीन दिवस आम्ही विसरलेलो नाही. आईच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ‘लिथियम चालू आहे’ असे ठळक लिहून घ्या, वेदनेसाठी काय देणार हे आधीच विचारा, आणि उलटी, जुलाब, तोल जाणे किंवा थरथर दिसल्यास पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना बोलवा.

उत्तर ३
वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना: लिथियमचा हा नियम सर्व मानसिक औषधांना लावू नये. एस्सिटालोप्राम किंवा पॅरोक्सेटिनसारख्या नैराश्यावरील गोळ्या बहुधा चालूच ठेवतात, कारण अचानक बंद केल्यास चक्कर आणि अस्वस्थता येते. मात्र त्यांच्यासोबत ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक देणे टाळावे लागू शकते, म्हणून भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवे. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरील औषध) ४८ तासांहून अधिक काळ सुटले, तर पूर्वीचाच डोस एकदम सुरू करता येत नाही. पुन्हा थोड्या मात्रेपासून चढवावे लागते.

प्रश्नकर्ती
बाबांची समजूत घातली आणि आज दोन्ही डॉक्टरांना सांगितले. शस्त्रक्रियेची तारीख तीच आहे. सोमवारी सकाळची गोळी देण्यापूर्वी आईचे रक्त तपासणीसाठी द्यायचे आहे.