सर्व्हर बदलताना एसक्यूएल मोड (डेटाबेस चुकीच्या डेटाला किती कडकपणे अडवतो ती सेटिंग) रिकामा करणं बरोबर आहे का?

सातपूरकर: माझं मत सरळ आहे, रिकामा करा आणि झोपा. परवा एका कांदा व्यापाऱ्याचं बिलिंग जुन्या विंडोज मशीनवरच्या मायएसक्यूएल ५.७ डेटाबेसवरून लिनक्सवर ८.० ला नेलं. इम्पोर्टला १०६७ एरर, का तर कुणीतरी तारखेच्या कॉलमला डिफॉल्ट म्हणून सगळे शून्य देऊन ठेवलेत, आणि जुन्या मशीनवर मोड आधीच काढलेला त्यामुळे इतकी वर्षं कुणाला पत्ताच नाही. रात्रीचे दोन, सकाळी पिंपळगावला लिलाव. मोड रिकामा केला, पाच मिनिटांत सगळं आत.

गोदाकाठ: आत गेलं हो, पण काय गेलं? मोड रिकामा म्हणजे नुसती शून्य तारीख चालते असं नाही, कॉलममध्ये न मावणारं नाव पण गुपचूप कापलं जातं आणि फक्त वॉर्निंग येते, ती रात्री दोनला कोण वाचतंय! फक्त इम्पोर्ट चालू असेल त्या सेशनपुरता मोड सैल करा, मग त्या तारखा नल, म्हणजे रिकाम्या करा, डिफॉल्ट काढा, संपलं.

सातपूरकर: ट्रॅक्टर लाईनीत उभे असताना हे बोलून दाखवा.

गोदाकाठ: ट्रायल इम्पोर्ट आठवडाभर आधी करायचा असतो भाऊ, लिलावाच्या आदल्या रात्री नाही.

तर्री_जास्त: दोघं मोडवर भांडताय, शेतकऱ्यांची नावं उघडून बघितली का? आमच्याकडे 'वाघचौरे'च्या जागी सात प्रश्नचिन्हं होती, मोजून सात, काना-मात्रा धरून. तसं टेबलातच सेव्ह झालं असेल तर अक्षर गेलंच, जुना सर्व्हर पुसायच्या आत परत डंप, म्हणजे सगळ्या डेटाची फाईल घ्या, यावेळी युटीएफ८एमबी४ (देवनागरी नीट ठेवणारं एन्कोडिंग) सांगून. टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर मात्र बहुतेक वाचतं, बाइट्स शाबूत असतात.

सातपूरकर: आत्ता बघितलं. नावं ठीक आहेत. पण एक रिपोर्ट ११४६ देतोय, टेबल नाही म्हणे, आणि टेबल तर समोर दिसतंय!

गोदाकाठ: कोडमध्ये नाव कॅपिटलमध्ये असणार. विंडोजला फरक पडत नव्हता, लिनक्सला पडतो. आणि ८.० मध्ये लोअर केस टेबल नेम्सची सेटिंग (टेबलाच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक धरायचा का ती) डेटाबेस पहिल्यांदा इनिशियलाइज, म्हणजे कोरा तयार करतानाच देता येते, नंतर बदललं तर सर्व्हर उठतच नाही.

सातपूरकर: म्हणजे परत सगळं?

गोदाकाठ: नाहीतर कोडमधली नावं बदल. किती रिपोर्ट आहेत?

सातपूरकर: ४३.