जॅग्वार मार्क टू: मूळ रूपातच ठेवावी, की ताकद वाढवावी?

कॉव्हेंट्रीकर
इंग्लंडात जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला गेलं की या विषयावर वाद ठरलेला. मी ताकद वाढवणाऱ्यांच्या बाजूचा. १९५९ ते १९६७ या काळात कॉव्हेंट्रीत ब्राउन्स लेनच्या कारखान्यात बनलेली ही सलून, म्हणजे बंद छताची चार दारी गाडी, मुळात पळण्यासाठीच होती. जॅग्वारच्या एक्सके घराण्यातलं ३.८ लिटरचं इंजिन, कंपनीच्या दाव्याप्रमाणे २२० अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. पोलीस हीच गाडी वापरत आणि दरोडेखोरही. पण १९६५पर्यंतच्या मॉस गिअरबॉक्सला पहिल्या गिअरवर सिंक्रोमेश (गिअर सहज पडावा म्हणून चक्रांचे वेग जुळवणारी रचना) नाही, पॉवर स्टीअरिंग नसेल तर पार्किंग करताना खांदे भरून येतात, आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं. पाच गिअरचा बॉक्स, रॅक अँड पिनियन (दातेरी दांडा आणि चक्राचं) स्टीअरिंग, मोठा रेडिएटर बसवला तर गाडी रोज रस्त्यावर दिसेल. गॅरेजमध्ये चादरीखाली पडून राहण्यापेक्षा ते शतपटीने चांगलं.

जुनं_लोखंड
काका, अजिबात पटलं नाही. पहिल्या गिअरची ती घरघर, डबल क्लच करून, म्हणजे दोनदा क्लच दाबून, गिअर टाकण्याची सवय, हे सगळं काढल्यावर उरतं काय? लाकडी डॅशबोर्ड आणि चामड्याच्या सीटा. एवढंच हवं असेल तर नवी गाडी घ्यावी. आणि काही गिअरबॉक्स बसवायला मधला बोगदा, म्हणजे गिअरबॉक्सवरचा जमिनीचा उंचवटा, कापावा लागतो. कापलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

पाना_नंबर_दहा
दोघंही इंजिनावरच अडलात. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार पेलते. मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि मागचा आस आडवा सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड थेट बॉडीला जोडलेले. तिथेच गंज धरतो, पॅनहार्ड रॉडच्या ब्रॅकेटजवळ पत्रा फाटतो. वरून रंग चकचकीत, खाली पुट्टी, आणि त्यात वाढीव ताकदीचं इंजिन, हे मला धोक्याचं वाटतं. आधी सिल (दाराखालचा पत्रा), जॅकिंग पॉइंट (जॅक लावायच्या जागा), पाट्यांची बैठक नीट वेल्ड करा. बजेटचा मोठा हिस्सा तिथेच जाणार, तो जाऊ द्या. मग ब्रेक, मग सस्पेन्शन. ताकद सगळ्यात शेवटी.

कॉव्हेंट्रीकर
क्रम मान्य. पण @जुनं_लोखंड, मूळ म्हणजे नेमकं काय? गिल्डफर्डचे जॉन कूम्ब्स त्या काळीच मार्क टू सुधारून विकत होते. १९६३ची युरोपियन टूरिंग कार स्पर्धा पीटर न्योकर या चालकाने ३.८ मार्क टूवर जिंकली, ती काही शोरूममधून निघालेल्या अवस्थेत नव्हे. बदल करणं हा या गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे.

जुनं_लोखंड
बरोबर, पण तो बदल त्या काळातल्या सुट्या भागांचा होता. जॅग्वारच्याच ई-टाइप स्पोर्ट्स गाडीचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि एसयू कंपनीचे तीन कार्ब्युरेटर लावा, माझी हरकत नाही. ते त्याच एक्सके घराण्यातलं आहे आणि काढताही येतं. हरकत आहे ती परत न फिरवता येणाऱ्या बदलाला.

टेम्स_काठी
एक महत्त्वाचा मुद्दा राहिला. ब्रिटनमध्ये ४० वर्षांपेक्षा जुन्या आणि गेल्या ३० वर्षांत मोठा बदल न झालेल्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीतून (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का, याच्या सरकारी तपासणीतून) सूट आहे. त्यामुळे ३० वर्षांपूर्वी ताकद वाढवलेली गाडीही कोणी न बघता वर्षानुवर्षं फिरू शकते. सूट असली तरी तपासणी करून घ्यायलाच हवी. शिवाय २०२१पासून इथलं साधं पेट्रोल ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) आहे. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, नळ्या बदला किंवा कमी इथेनॉलचं ई-५ भरा.

पुणेरी_पिस्टन
२००८पासून जॅग्वार टाटा समूहाकडे आहे, म्हणून हा धागा इथे पुण्यातही जिव्हाळ्याने वाचतोय. मी @जुनं_लोखंड यांच्या बाजूने. फक्त इंजिन थंड ठेवणाऱ्या इलेक्ट्रिक पंख्याला विरोध करू नये. इंजिन तापून हेड वाकलं तर मूळ हेडच हातचं जाईल.

जुनं_लोखंड
पंखा मान्य. बोगदा कापणं अमान्य.

कॉव्हेंट्रीकर
न कापता बसणारा बॉक्स मिळाला तर?

जुनं_लोखंड
मूळ बॉक्स तेल लावून, गुंडाळून गाडीसोबत जपणार असाल, तर चालेल. विकणार असाल तर नाही.