'शिव्हलरी' म्हणजे स्त्रीदाक्षिण्य की क्षात्रधर्म?

निंबोणी: बाराव्या शतकातला फ्रेंच कवी क्रेतियँ द त्र्वा याच्या काव्यातल्या लान्सलॉटवर, म्हणजे राजा आर्थरच्या सरदारावर, लेख लिहितेय. आर्थरची राणी ग्विनेव्हिअर हिला पळवून नेलंय, हा शोधात पायी. वाटेत गुन्हेगारांची धिंड काढायची गाडी भेटते. गाडीवाला बुटका म्हणतो, चढलास तर राणीचं काय झालं ते उद्या कळेल. अब्रू जाईल म्हणून लान्सलॉट दोन पावलं घुटमळतो, मग चढतो. पुढे राणी रुसते, ती चढला म्हणून नव्हे, घुटमळला म्हणून! जुन्या वेल्श कथेतला आर्थर त्वर्ख त्रुइथ नावाच्या रानडुकरामागे धावतो. तिथे राणीच्या मर्जीचा असा काच नाही. आर्थरच्या दंतकथेवर पुढे 'शिव्हलरी'चा, म्हणजे सरदारांच्या आचारधर्माचा, जो मुलामा चढला त्याला मी 'स्त्रीदाक्षिण्य' म्हटलं. संपादकांनी खोडून 'क्षात्रधर्म' केलं.

बारगीर: योग्यच केलं. स्त्रीदाक्षिण्य हा आता बसपुरता उरलेला शब्द. आमचा कंडक्टर ओरडायचा, "ओ दाक्षिण्य, उठा की जरा!"

पाटीपेन्सिल: पण क्षात्रधर्मात रुसणारी राणी कुठे बसवणार? 'दाक्षिण्य'च हवं. दक्षिणेकडच्या लोकांचं सौजन्य ते.

निंबोणी: दक्षिणेचा काय संबंध? संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे कुशल, सौजन्यशीलही. आणि नाट्यशास्त्रातला दक्षिण नायक अनेक नायिकांशी सारखाच गोड वागतो. लान्सलॉट एकीचाच.

विळीवाली: सरळ 'शिव्हलरी' लिहा ना ताई. 'टेबल' लिहिताना अडतो का आपण?

बारगीर: टेबलाला अब्रू नसते. मूळ फ्रेंच शब्द घोड्यावरून आलाय, शेवालिए म्हणजे घोडेस्वार. मग 'शिलेदारी' का नको?

पाटीपेन्सिल: शिलेदार घोड्यावरून नाही, शस्त्रावरून. फारसी सिलाहदार. घोडा मात्र स्वतःचा लागायचा. लान्सलॉटचा मरायला टेकला, मग त्यानं मित्र गोवँकडून दुसरा घेतला. म्हणजे तो तुमच्यासारखा बारगीर झाला!

बारगीर: बारगिराला घोडा सरकार द्यायचं, मित्र नव्हे.

पाटीपेन्सिल: सरकारच असं नाही, शिलेदाराच्या पदरीही बारगीर असत.

विळीवाली: आमच्या गावात बारगीर आडनाव आहे. घोडा एकाकडेही नाही.

निंबोणी: लेख उद्या द्यायचाय हो.

बारगीर: देऊ की. आधी सांगा, 'सिलेदार' बरोबर की 'शिलेदार'?