मदत हवी आहे: पावसाळ्यात उभ्या गाडीचे ब्रेक गंजले, डिस्क बदलाव्यात का?

नमस्कार मंडळी,

गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्यांना ड्रम ब्रेक. धावली जेमतेम ३१,००० किमी. मी पुण्यात, गाडी रत्नागिरीला आई-अप्पांकडे. घर भाट्याच्या बाजूला, समुद्र हाकेच्या अंतरावर. अप्पा ७४ वर्षांचे. पावसाळ्यात गाडी महिन्यातून एखाद-दोनदा निघते, तीही बँकेपुरती. एरवी पत्र्याच्या शेडमध्ये हँडब्रेक करकचून ओढून उभी. अप्पा रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवतात आणि "गाडी फिरवली" असं मला फोनवर सांगतात!

गणपतीला गेलो तेव्हा गाडी तेवीस दिवस हलली नव्हती. हँडब्रेक सोडला, पहिला गियर टाकला, क्लच सोडला, तर मागची बाजू खाली दबली आणि गाडी जागची हलेना. जरा ॲक्सिलरेटर दिला तशी मागून 'टक्क' करून, नारळ फोडल्यासारखी, सुटली. आई धावत बाहेर आली, तिला वाटलं तुळशीवृंदावनाला धडकलो.

पुढच्या डिस्क नारिंगी झाल्या होत्या. पुलापर्यंत दहाबारा वेळा ब्रेक मारल्यावर खरखर थांबली, डिस्क लख्ख झाल्या. पण दोन्हीवर बरोबर पॅडच्या (डिस्कला दोन्हीकडून आवळणाऱ्या ठोकळ्याच्या) आकाराचा काळपट पट्टा उरलाय, नख फिरवलं तर अडकतं. ४०-५० च्या वेगात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडतं.

एका गॅरेजवाल्याने डिस्क, पॅड, मागच्या ड्रमच्या आतून दाबणारे शू, सगळंच बदला म्हणून साडेअकरा हजार सांगितले. दुसरा म्हणाला, "काही नाही हो, चालवत राहा." कोणाचं ऐकू? शेजारच्या काकांनी डिस्कवर गंज काढायचा तेलकट स्प्रे मारायला सांगितलाय. अप्पा डबा घेऊनही आलेत. तो मी सध्या माळ्यावर लपवलाय.

खारेवारे:
डबा माळ्यावरच राहू द्या! डिस्कला तेल लागलं की पॅड ते पितात आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही. चुकून लागलंच तर ब्रेक क्लीनरने पुसा.

मी मालवणात राहतो, हा प्रकार दर पावसाळ्यात बघतो. डिस्क बिडाची असते आणि घासणाऱ्या भागाला रंग देता येत नाही, त्यामुळे एका ओल्या रात्रीत ती तांबूस होते. तो गंज वरवरचा. तुमचा पट्टा वेगळा. पॅड जिथे टेकून असतो तिथे ओल धरून राहते आणि गंज खोल जातो. पेडल धडधडतंय त्याचं कारण बहुतेक हेच. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मेकॅनिकला मायक्रोमीटरने जाडी मोजायला सांगा. लेथवर फिरवून, म्हणजे वरचा थर खरवडून, पट्टा गेल्यावरही जाडी त्या आकड्याच्या वर राहत असेल तर डिस्क टाकू नका. खाली जात असेल तर दोन्ही बाजूंच्या एकदम बदला. कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिना हाताने सरकतात का, तेही बघून घ्या.

गियरबदलू:
सगळे डिस्कचंच बोलताय. दादा, मला त्या 'टक्क'ची काळजी वाटते. ओल्या ड्रमला शू चिकटून बसतो, आणि जोर लावून सोडवला की कधी कधी शूचं अस्तरच पत्र्यापासून उखडतं. ड्रम खोलून बघेपर्यंत अप्पांना गाडी देऊ नका. पुढच्या वेळी चिकटली तर रेस करू नका, हळूच पुढे-मागे करा. नाही सुटली तर चाक काढून ड्रमवर लाकूड धरून ठोका.

आणि पावसाळ्यात हँडब्रेक विसरा. गाडी गियरमध्ये ठेवायची, चाकांना दगड लावायचे. इंजिन नुसतं सुरू ठेवून ब्रेकला काडीचा फायदा नाही, आठवड्यातून एकदा आठ-दहा किमी चालवाच. भिजून आलात तर घर जवळ आल्यावर चारपाच हलके ब्रेक मारा, म्हणजे डिस्क वाळते. ब्रेक ऑइल कधी बदललंय? ते हवेतली ओल शोषतं, साधारण दोन वर्षांनी बदलतात.

धागाकर्ता:
गियरबदलू, तुमच्या तोंडात साखर पडो. काल ड्रम खोलले. डाव्या ड्रममधून वाटीभर तांबडी पूड निघाली, आणि एका शूचं अस्तर टोकाला पत्त्याचं पान सरकेल एवढं सुटलं होतं. चारही शू बदलले. डिस्कची जाडी भरपूर होती, लेथवर फिरवल्या, धडधड गेली. ब्रेक ऑइल २०१६ चंच होतं, तेही बदललं. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत.

अप्पांनी जांभ्याचे दोन चिरे चुना लावून पांढरे केलेत आणि चाकांना लावलेत. हँडब्रेक मात्र अजून ओढतातच, हात आपोआप जातो म्हणे. आता आईचा प्रश्न आहे की चिरे न काढताच गाडी सुरू केली तर काय? कोणी चाव्यांना काही बांधून ठेवता का?